पट्टीतली काळी रेघ

गाडीच्या दारांखाली प्लास्टिकची एक लांब पट्टी असते. तिच्यावरचा रंग सोलून निघाला म्हणून गाडी बंद पडत नाही. पण ज्याची गाडी असते तो शोरूममध्ये जाऊन भांडतो, शोरूमवाले गाडीच्या कारखान्याला कळवतात, कारखाना रंगकाम करणाऱ्याला धरतो आणि रंगकाम करणारा आम्हाला. आम्ही म्हणजे चाकणमधली एक रंगाची कंपनी. प्लास्टिकवर सगळ्यात आधी जो पातळ थर मारतात, ज्याच्यामुळे वरचा रंग प्लास्टिकला धरून राहतो, तो प्रायमर आम्ही बनवतो. मी तिथल्या लॅबमध्ये काम करते.

ही तक्रार आली तेव्हा मला तिथे चार वर्षं झाली होती. मी मूळची लातूरकडची. भौतिकशास्त्रात एम.एस्सी. केलं, लग्न होऊन चिंचवडला आले आणि कंपनीच्या बसने मोशीवरून चाकणला जाऊ लागले. लॅबचे प्रमुख आमचे सर. पन्नाशी ओलांडलेले, सगळी नोकरी रंगात गेलेली. नखाने रंग खरवडून आणि वास घेऊन ते अर्ध्या तक्रारी तिथल्या तिथे निकालात काढायचे. मायक्रोस्कोपवर मात्र त्यांचा फारसा विश्वास नव्हता. "ते तुझं खातं," म्हणायचे, आणि खरंच तिकडे फिरकायचे नाहीत.

मायक्रोस्कोप आम्ही सेकंडहँड घेतलेला होता. रंगवलेल्या तुकड्याचा काप घ्यायचा, तो घासून गुळगुळीत करायचा, भिंगाखाली ठेवून त्याच्यावर निळा प्रकाश सोडायचा. आमच्या प्रायमरमध्ये एक घटक असा आहे, की निळ्या प्रकाशात तो हिरवा चमकतो. प्लास्टिकही चमकतं, पण अगदी फिकट. त्यामुळे प्रायमर कुठे संपतो आणि प्लास्टिक कुठे सुरू होतं ते कळायला हवं. प्रत्यक्षात ते नीट कळायचं नाही. प्रायमरची हिरवी पट्टी कडेला पसरायची, ओल्या कागदावर शाई फुटावी तशी.

दोष मायक्रोस्कोपचा नव्हता. कुठलंही भिंग बारीक ठिपका ठिपक्यासारखा दाखवत नाही, थोडा पसरवूनच दाखवतं. पण एक ठिपका नेमका किती आणि कसा पसरतो हे माहीत असेल, तर त्याचं उलटं गणित मांडता येतं. फोटोतला पसरलेला उजेड पुन्हा गोळा करून जागच्या जागी बसवता येतो. याला डीकन्व्होल्युशन म्हणतात. कॅमेऱ्याबरोबर आलेल्या सॉफ्टवेअरमध्ये त्याची सोय होती आणि ती कोणी वापरत नव्हतं. मी बसमध्ये जाता-येता त्याची माहितीपुस्तिका वाचून काढली. चाकण चौकात बस अर्धा-अर्धा तास हलत नाही, त्यामुळे वाचन भरपूर झालं.

पहिल्यांदा जमलं तो दिवस मला चांगला आठवतो. रंगाचा एक जुना तुकडा होता. मूळ फोटोत नुसता ढगासारखा पिवळा पट्टा होता. गणित चालवलं, संगणकाने वीसेक मिनिटं घेतली, आणि त्या ढगातून रंगाचे कण एकेक सुटे झाले. काही गोल, काही तुटक्या तांदळासारखे. मी खुर्चीतून उठले आणि उगाचच खिडकीपर्यंत जाऊन आले. मग सरांना बोलावलं. ते बराच वेळ पाहत राहिले. "हे खरं आहे की संगणकाने काढलंय?" त्यांनी विचारलं.

"खरं आहे सर. फक्त पुसट होतं."

त्या दिवसापासून माझा फोटो हा लॅबमध्ये पुरावा झाला.

पट्ट्यांची तक्रार आली तेव्हा रंगकाम करणाऱ्यांनी सात सोललेल्या पट्ट्या आणि एक चांगली पट्टी पाठवली. आठवड्याभरात कारण हवं होतं. मी आठही पट्ट्यांचे काप केले, फोटो काढले. मूळ फोटोत सोललेली आणि चांगली यांत काहीच फरक दिसेना. मग सोललेल्यांतली एक घेऊन गणित चालवलं. पहिल्या खेपेला थोडं साफ झालं. म्हणून त्याच गणिताच्या जास्त फेऱ्या दिल्या, आणखी साफ झालं. आणखी दिल्या. आणि प्रायमरच्या हिरव्या पट्टीला लागूनच, प्लास्टिकच्या बाजूने, एक बारीक काळी रेघ उमटली. सलग, या टोकापासून त्या टोकापर्यंत.

दुसऱ्या सोललेल्या पट्टीत तीच रेघ. तिसरीतही तीच.

सर माझ्या खांद्यामागे येऊन उभे राहिले. "हे काय आहे?"

"फट असावी सर. प्रायमर आणि प्लास्टिकच्या मध्ये."

"म्हणजे प्रायमर प्लास्टिकला धरलाच नाही."

"तसंच दिसतंय."

पुढचा धागा सरांनी माझ्यादेखत जोडला. प्रायमर धरला नाही, कारण प्लास्टिकवर काहीतरी होतं. तेल, धूळ, साबणाचा अंश. म्हणजे पट्टी नीट धुतली गेली नव्हती. म्हणजे दोष आमच्या मालाचा नाही. त्यांच्या चेहऱ्यावरचा ताण उतरलेला मला स्पष्ट दिसला, आणि तो माझ्यामुळे उतरला याचा मला आनंद झाला. रिपोर्ट मीच लिहिला. तोंडी मी 'फट असावी' म्हटलं होतं. रिपोर्टमध्ये 'फट आढळून आली' असं लिहिलं. हे शब्द मला कोणी सांगितले नव्हते. रिपोर्टची भाषाच तशी असते असं मी तेव्हा धरून चालले.

पट्ट्या धुण्याचं काम चाकणच्या बाहेर, एका गावाच्या कडेला असलेल्या शेडमध्ये होत असे. गरम साबणाच्या पाण्याची टाकी, साध्या पाण्याच्या दोन टाक्या, पुढे गरम हवेचा बोगदा. काम करणाऱ्या दहा-बारा बायका आणि त्यांच्यावर एक सुपरवायझर, तीही बाईच. सगळे तिला ताई म्हणायचे. पंचेचाळीस-पन्नास वय, त्याच गावातली, शेड सुरू झाली तेव्हापासून तिथे. रिपोर्ट गेल्यावर चारच दिवसांनी आम्ही तिथे तपासणीला गेलो. सर, रंगकामवाल्यांचा क्वालिटीचा एक अधिकारी आणि मी. फोटोची मोठी रंगीत प्रिंट माझ्या हातात होती.

अधिकाऱ्याने टाक्यांतलं पाणी पाहिलं, वह्या पाहिल्या, बोगद्याचं तापमान पाहिलं. सगळं ठीक निघालं. त्यामुळे तो आणखी चिडला. शेवटी मला म्हणाला, "मॅडम, तो फोटो दाखवा यांना."

मी फोटो पुढे केला. ताईंनी ओले हात पदराला पुसले आणि तो घेतला.

"ही काळी रेघ दिसते ना ताई, इथे प्रायमर आणि प्लास्टिकच्या मध्ये फट राहिलीय."

"ही फट आमच्या धुन्यानं पडली म्हनताय?"

"धुताना पट्टीवर काहीतरी राहून गेलं असेल."

"काय राहिलं?"

"ते फोटोवरून नाही सांगता येत."

त्यांनी फोटो डोळ्यांजवळ नेला, लांब धरला. मग मला म्हणाल्या, "मॅडम, आमी रोज हजारांनी पट्ट्या धुतो. एकाच पान्यात. मंग ज्या पट्टीचा रंग निघाला न्हाई, तिच्यात ही रेघ न्हाई व्हय?"

"नाही," मी म्हणाले.

मी लगेच म्हणाले, आणि ठामपणे म्हणाले. चांगल्या पट्टीच्या फोटोवर मी गणित चालवलेलंच नव्हतं. वेळ कमी होता, एकेका फोटोला बराच वेळ लागत होता आणि जे हवं होतं ते सापडलं होतं. पण त्या क्षणी मी खोटं बोलतेय असं मला वाटलंही नाही. चांगल्या पट्टीत फट कशी असेल, असंच माझ्या मनात होतं.

ताईंनी फोटो परत दिला. बाकीच्या बायका काम थांबवून आमच्याकडे पाहत होत्या. अधिकाऱ्याने शेडच्या मालकाला बाजूला घेतलं आणि सांगितलं, की निकाल लागेपर्यंत या पट्ट्यांची धुलाई दुसरीकडे जाईल.

परतताना गाडीत सर पुढे बसून फोनवर बोलत होते. मी मागे. तळेगावच्या रस्त्याला ट्रकांची रांग लागलेली होती. ताईंचा प्रश्न माझ्या डोक्यात राहिला होता. त्याचा त्रास होत होता असं नाही. एक काम करायचं राहिलंय, उद्या करून टाकू, एवढंच.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी चांगल्या पट्टीचा फोटो उघडला आणि तेच गणित, तेवढ्याच फेऱ्या, चालवलं. चहा घेऊन परत आले तर फोटो तयार होता. हिरवी पट्टी, तिला लागून काळी रेघ. सलग, या टोकापासून त्या टोकापर्यंत.

त्यानंतर मी जे केलं ते सांगायला मला अजूनही अवघड जातं. मी सरांकडे गेले नाही. फेऱ्या कमी-जास्त करून पाहिल्या. उजेड बदलून पाहिला. फोटोचा दुसरा भाग घेतला. सोललेल्या पट्टीत रेघ राहावी आणि चांगल्या पट्टीतली जावी, अशी कुठलीतरी मांडणी मी शोधत होते. जेवणाच्या सुट्टीपर्यंत शोधत होते. एकदा चांगल्या पट्टीतली रेघ जरा फिकी झाली, तेव्हा मला हायसं वाटलं. ते हायसं वाटणं मलाच खटकलं. मी हात कीबोर्डवरून काढले.

मग एक साधी गोष्ट केली. कागदपत्रांच्या फाइलचं पारदर्शक प्लास्टिकचं कव्हर कापून एक तुकडा घेतला. त्याच्यावर टेबलावरच्या हायलायटरने एक रेघ मारली आणि तो भिंगाखाली ठेवला. तिथे ना प्रायमर होता, ना धुलाई, ना फट असायला काही कारण. फोटो काढला, गणित चालवलं. हायलायटरच्या शाईच्या कडेलाही तीच काळी रेघ होती.

रेघ पट्टीत नव्हती. रेघ माझ्या गणितातून येत होती.

का, ते सापडायला फार वेळ लागला नाही. कुठलं भिंग वापरलं ते सॉफ्टवेअरला आधी सांगावं लागतं. त्यावरून ते ठरवतं, की ठिपका किती पसरला असेल. सराव करताना मी कमी ताकदीचं भिंग वापरलं होतं आणि तीच निवड तशीच राहिली होती. पट्ट्यांचे फोटो जास्त ताकदीच्या, मोठ्या भिंगाने काढले होते. मोठ्या भिंगात उजेड कमी पसरतो. संगणकाला वाटलं, तो बराच पसरलाय. जो उजेड पसरलाच नव्हता तोही त्याने आवळून हिरव्या पट्टीत भरला आणि शेजारची जागा काळी पडली. फेऱ्या वाढवत गेले तशी ती आणखी काळी होत गेली. मी त्याला साफ होणं समजत होते.

सर टेबलाशी डबा खात होते. मी तीन फोटो त्यांच्यासमोर ठेवले. सोललेली पट्टी, चांगली पट्टी, हायलायटर. काय झालं ते सांगितलं. मध्ये त्यांनी एकदाही अडवलं नाही. पोळीचा घास हातातच राहिला.

"खात्री आहे?"

"हो."

"काल तिथे उभी राहून तू त्या बाईला नाही म्हणालीस."

"तेव्हा पाहिलं नव्हतं सर. न पाहताच म्हणाले."

त्यांनी घास डब्यात ठेवला. डब्याचं झाकण लावलं. हात धुऊन आले, पुन्हा तिन्ही फोटो पाहिले. "हे तुझ्या-माझ्याशिवाय कोणाला माहीत आहे?"

"कोणाला नाही."

त्यांनी तिन्ही फोटो एकावर एक नीट रचले. त्या वेळात ते काय विचार करत होते ते मी कधी विचारलं नाही. मग त्यांनी फोन उचलून त्या क्वालिटीच्या अधिकाऱ्याला लावला. "आमचा रिपोर्ट चुकलाय," असं पहिलंच वाक्य. समोरून काय बोलणी बसत होती ते मला ऐकू येत होतं. सर फक्त "बरोबर आहे," "हो, आमची चूक," "लेखी पाठवतो," असं म्हणत राहिले. फोन ठेवल्यावर माझ्याकडे न पाहता म्हणाले, "आता लिही. आणि नीट लिही. 'आढळून आली' वगैरे नको."

दुसरा रिपोर्ट एका पानाचा झाला. फट नाही, चूक आमच्या विश्लेषणात होती, धुलाईबाबत काढलेला निष्कर्ष मागे घेत आहोत. त्या वर्षी माझी बढती व्हायची होती, ती झाली नाही. सरांनी मला बोलावून ते स्वतः सांगितलं. मला वाईट वाटलं, पण अन्याय झाला असं वाटलं नाही.

खरं कारण पंधरा दिवसांनी निघालं, आणि त्यात मायक्रोस्कोपचा काही संबंध नव्हता. प्रायमर मारण्याआधी प्लास्टिकवरून क्षणभर गॅसची ज्योत फिरवतात, म्हणजे प्रायमर चांगला धरतो. रंगकामाच्या शेडमध्ये ती ज्योत फिरवणाऱ्या यंत्राची दिशा दुरुस्तीनंतर थोडी बदलली होती आणि पट्टीच्या खालच्या कोपऱ्यापर्यंत ज्योत पोहोचत नव्हती. तिथल्याच एका माणसाने पट्टीवर पाणी शिंपडून पाहिलं. सगळीकडे पाणी पसरलं, कोपऱ्यात थेंब थेंब होऊन राहिलं. तेवढ्यावर कळलं.

मी ताईंकडे गेले ते त्याच्या आधी, दुसरा रिपोर्ट गेल्यावर आठवड्याभराने. सर म्हणाले होते, मालकाला पत्र गेलंय, तुला जायची गरज नाही. मी तरी गेले. दुपारची वेळ होती. टाक्या बंद होत्या. ताई पुठ्ठ्याच्या खोक्यांना चिकटपट्टी लावत होत्या.

मी सगळं सांगितलं. त्या दिवशी मी न पाहता 'नाही' म्हणाले, हेही सांगितलं. त्या चिकटपट्टी लावतच राहिल्या.

"म्हंजी रेघ नव्हतीच."

"नव्हती."

"आन् चांगल्या पट्टीतबी दिसत व्हती."

"हो. तुम्ही विचारलंत म्हणून मी पाहिलं."

"आदी पाहायचं ना मॅडम." आवाज चढला नाही त्यांचा. "मालकांनी माझ्याकडच्या दोघींना थांबवलं. काम कमी झालं म्हनून. एकजन गेली दुसऱ्या कंपनीत. दुसरी घरी हाय."

"पट्ट्या परत येतील आता. मालकांना पत्र आलंय."

"पट्ट्या येतील. ती गेलेली कशाला यील? तिकडं तिला पर्मनंट करनारेत म्हनं." मग म्हणाल्या, "तिचं बरंच झालं म्हना."

त्यांनी मला बसा म्हटलं नाही. मी माफी मागितली. त्या म्हणाल्या, "ऱ्हाऊ द्या. सांगाय तरी आलात." आणि पुढचं खोकं ओढलं. मी रस्त्यापर्यंत चालत आले. रिक्षा मिळायला बराच वेळ लागला.

पट्ट्या परत यायला दीड महिना गेला. घरी बसलेली बाई परत आली. दुसरी आली नाही.

लॅबमध्ये तेव्हापासून एक नियम आहे आणि तो मी घातला आहे. गणित केलेला फोटो एकटा बाहेर जात नाही. त्याच्याबरोबर मूळ फोटो जातो आणि चांगल्या तुकड्याचा, तेच गणित केलेला, फोटोही जातो. भिंग कुठलं आणि फेऱ्या किती, ते फोटोच्या खालीच छापलेलं असतं. ठिपका किती पसरतो हे आता मी सॉफ्टवेअरच्या भरवशावर सोडत नाही. चमकणारे अतिशय बारीक मणी मिळतात, ते काचेवर टाकून दर महिन्याला आमच्याच भिंगांतून मोजते. याला अर्धा दिवस जातो. सुरुवातीला सर कुरकुरले, आता विचारतात, "मणी झाले का?"

डीकन्व्होल्युशनवरचा माझा जीव मात्र उडाला नाही. पुसट ढगातून कण सुटे झालेले पाहिले, की मला अजूनही खुर्चीतून उठावंसं वाटतं. फक्त उठण्याआधी मी शेजारचा मूळ फोटो पाहते.

गेल्या वर्षी आम्ही रंगकाम आणि धुलाई करणाऱ्यांना एक दिवस कंपनीत बोलावलं होतं. मालकाबरोबर ताईही आल्या. सगळे सभागृहात बसलेले असताना मी त्यांना विचारलं, "लॅब बघायची का?" त्या आल्या. मी मायक्रोस्कोपमध्ये एक रंगवलेला काप लावला आणि कसं पाहायचं ते सांगितलं. आधी त्यांना स्वतःच्या पापण्याच दिसत होत्या. मग एकदम त्या स्थिर झाल्या.

"हिरवं हाय ते तुमचं?"

"हो. तो प्रायमर."

"आन् खालचं काळपट, ती आमची पट्टी?"

"तीच."

बराच वेळ त्यांनी डोळा काढला नाही. "लई पातळ हाय वो," म्हणाल्या. "एवढ्यावर समदं उभं ऱ्हातं?"

मी हो म्हणाले. त्यांनी फोकस करायचं चाक स्वतः फिरवून पाहिलं, काप पुसट केला, पुन्हा नीट केला, पुन्हा पुसट केला. मालक त्यांना शोधत दारात आला, जेवण लागलंय म्हणाला. त्या म्हणाल्या, "व्हा पुढं, आले," आणि पुन्हा भिंगाला डोळा लावला.